जोडणी आहे, पण इंटरनेट नाही

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

प्रश्न : माझ्या घरच्या संगणकात विंडोज ११ आहे. आठवडाभरापासून तो वाय-फायला नेहमीसारखा जोडला जातो, पासवर्ड स्वीकारला जातो, सिग्नलच्या सर्व पट्ट्या दिसतात. परंतु तेथेच ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही’ अशा अर्थाची सूचना येते आणि एकही संकेतस्थळ उघडत नाही. घरातील मोबाईल मात्र त्याच वाय-फायवर चालतात. राउटर अनेकदा बंद करून चालू केला, ब्राउझर काढून पुन्हा बसवला, डीएनएसचे आकडे बदलून पाहिले. एका परिचितांचे म्हणणे असे की, विंडोज पुसून नव्याने टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. संगणकात अनेक वर्षांची कागदपत्रे आणि छायाचित्रे आहेत. खरोखरच तसे करावे लागेल का?

उत्तर : बहुतेक नाही, आणि दोष कोठे आहे हे कळेपर्यंत तर मुळीच नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर असा दोष कधी कधी जातो, परंतु तो का गेला हे कोणालाच कळत नाही. आणि मूळ राउटरमध्ये असेल, तर दिवसभराच्या खटाटोपानंतर तीच सूचना पुन्हा समोर येते.

‘जोडलेले आहे’ या शब्दांचा अर्थ आपण समजतो त्यापेक्षा बराच मर्यादित आहे. संगणकातील वाय-फायचे कार्ड आणि राउटर यांच्यात दुवा जुळला आणि पासवर्ड पटला, एवढेच त्यातून कळते. पट्ट्यांची संख्याही याच पहिल्या टप्प्याविषयी बोलते. त्यानंतर संगणकाला राउटरकडून आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातील त्याची आकडी ओळख, मिळावा लागतो, बाहेर पडण्याचा दरवाजा म्हणजे गेटवे कळावा लागतो, राउटरपासून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंतची वाट मोकळी असावी लागते, संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा उत्तर देत असावी लागते आणि अखेरीस ब्राउझरला ही वाट वापरण्याची मुभा असावी लागते. यांपैकी कोठेही अडले, तरी पडद्यावर दिसणारी तक्रार जवळपास एकच असते. तुम्ही केलेले तीनही उपाय या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे आहेत, पण दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे न पाहता केलेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार होतो. म्हणून पुढील मजकुरात उपाय कमी आणि चाचण्या अधिक आहेत.

पहिली शंका मोबाईलविषयीच घ्यावी. वाय-फायवर इंटरनेट मिळेनासे झाले, तर अनेक फोन कोणालाही न विचारता मोबाईल डेटावर जातात. वाय-फायचे चिन्ह वर तसेच राहते आणि घरचे नेट ठणठणीत आहे असा आपला समज होतो. फोनमधील मोबाईल डेटा हाताने बंद करा आणि यापूर्वी कधी न उघडलेले एखादे संकेतस्थळ उघडा. आधी पाहिलेले पान फोनने साठवून ठेवलेले असू शकते. हेही पान उघडले नाही, तर दोष संगणकात नसून राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. राउटरवरील दिवे पाहा. फायबरची जोडणी असेल, तर ‘एलओएस’ या इंग्रजी अक्षरांखालील लाल दिवा म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशाचा सिग्नल तुटलेला आहे; तेव्हा सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि संगणकाला हात लावू नये.

मोबाईल डेटा बंद असूनही फोन चालला, तर पुढची चाचणी घ्या. माझ्या मते सर्व चाचण्यांत हिचे मोल सर्वाधिक आहे. संगणकाचे वाय-फाय बंद करा, फोनवरही वाय-फाय बंद करून मोबाईल डेटा सुरू करा, फोन केबलने संगणकाला जोडा आणि फोनच्या सेटिंग्जमधील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. अँड्रॉइड फोनवर ही सोय असते. आता संगणकाला नेट मिळतो तो राउटरला आणि वाय-फायच्या कार्डाला पूर्णपणे वळसा घालून. संकेतस्थळे उघडली, तर विंडोज आणि ब्राउझर निर्दोष आहेत हे सिद्ध झाले आणि परिचितांचा सल्ला तेथेच बाजूला ठेवता येईल. दोष वाय-फायच्या जोडणीच्या नोंदींत किंवा राउटरमध्ये शोधायचा. याउलट या वाटेनेही काही उघडले नाही, तर राउटरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दोष संगणकाच्या आत, बहुधा प्रॉक्सी (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यातील मध्यस्थ), व्हीपीएन (सर्व वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे सांकेतिक रूपात नेणारी सोय) किंवा सुरक्षेच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये आहे.

आधी पहिली शक्यता घेऊ. फोन काढून वाय-फाय पुन्हा जोडा, शोधपट्टीत ‘सीएमडी’ लिहून कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या. (येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत लिहाव्यात.) उत्तरात अनेक ओळी येतील. त्यांपैकी वाय-फायच्या मथळ्याखालील ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ हे दोन आकडे कागदावर उतरवून घ्या. फोनवरही वाय-फायच्या तपशिलात हेच दोन आकडे सापडतात. तेही शेजारी लिहा. निम्मे निदान या चार आकड्यांत असते.

संगणकाचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो राउटरने दिलेलाच नाही. पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. संगणक पत्ता मागतो, काही काळ वाट पाहतो, आणि कोणीच उत्तर दिले नाही तर १६९.२५४ च्या राखीव गटातील एक पत्ता स्वतःच धारण करतो. हा पत्ता एकाच जाळ्यातील यंत्रांना आपसांत बोलण्यापुरता असतो. त्याने घराबाहेर पडता येत नाही आणि गेटवेची ओळही रिकामी दिसते. अशा वेळी ‘आयपीकॉन्फिग’पुढे एक जागा सोडून तिरकी रेघ व ‘रिलीज’, आणि नंतर त्याच पद्धतीने ‘रिन्यू’ अशा दोन आज्ञा द्या. तरीही राउटर पत्ता देत नसेल, तर त्याच्याकडील वाटायचे पत्ते संपले आहेत का हे पाहावे. घरगुती राउटर साधारणतः दोनशेच्या आसपास पत्ते वाटू शकतो, परंतु काही राउटरमध्ये ही मर्यादा फार कमी ठेवलेली असते, आणि हल्ली टीव्ही, कॅमेरे, दिवे असे सगळेच पत्ता मागू लागले आहेत.

पत्ता १६९ ने सुरू होत नाही, पण त्याचे पहिले तीन आकडे फोनच्या पत्त्याशी जुळत नाहीत, असे दिसले तर दोन कारणे संभवतात. एक म्हणजे पूर्वी कोणीतरी संगणकात पत्ता हाताने लिहून ठेवलेला असतो. समजा जुना राउटर १९२.१६८.१ या गटातले पत्ते वाटत होता आणि नवा १९२.१६८.० या गटातले वाटतो; हाताने लिहिलेला पत्ता आपोआप बदलत नाही, त्यामुळे पूर्वी बिनतक्रार चालणारा संगणक राउटर बदलताच आडवा येतो. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तेथे ‘वाय-फाय’ आणि त्या जोडणीचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘आयपी असाइनमेंट’ हे ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. तुम्ही बदललेले डीएनएसचे आकडेही याच ठिकाणी पूर्ववत करा. एखादा आकडा चुकीचा पडला असेल, तर मूळ दोष गेल्यावरही संगणक बंदच राहील आणि तुम्ही उगाच चक्रावून जाल.

दुसरे कारण फसवे आहे आणि त्याने मला स्वतःला एकदा सबंध संध्याकाळ छळले आहे. वाय-फाय दूरच्या खोलीपर्यंत पोहोचावे म्हणून मी जुना राउटर नव्या राउटरला केबलने जोडून ठेवला होता. केबल दोन्हीकडे साध्या लॅन खाचेत होती, आणि जुन्या राउटरमधील पत्ते वाटण्याचे काम बंद करायचे मी विसरलो होतो. घरात आता पत्ते वाटणारे दोघे झाले. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता यंत्र घेते. नव्याने ज्यांना पत्ते दिले त्यांचे नेट चालायचे. जुन्याने ज्यांना दिले त्यांना गेटवे म्हणून तो स्वतःचाच पत्ता सांगायचा, आणि त्याच्याजवळ बाहेर जाण्याची वाटच नव्हती. संगणक जोडलेला, पत्ता दिसायला अगदी रास्त, गेटवेही हाकेला ओ देणारा, आणि इंटरनेट नाही! पुन्हा चालू केला की कधी चाले, कधी न चाले, त्यामुळे प्रत्येक वेळी शेवटी केलेला उपाय लागू पडला असे वाटे. फोनचा आणि संगणकाचा गेटवे शेजारी लिहिला असता, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तुमच्याही घरात असा दुसरा राउटर असेल, तर त्याचे डीएचसीपी बंद करा आणि त्याला मुख्य राउटरच्याच गटातला, पण दुसऱ्या कोणाला न दिलेला पत्ता द्या.

चारही आकडे रास्त दिसत असतील, तर ‘पिंग’ या आज्ञेने एकेक टप्पा तपासा. ‘पिंग’ लिहून, एक जागा सोडून, आधी गेटवेचा आकडा द्या. उत्तर आले नाही, तर वाय-फाय दिसायला जोडलेले आहे, पण त्यावरून माहिती जात नाही. वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये ही जोडणी ‘फर्गेट’ करून, म्हणजे तिची साठवलेली नोंद पुसून, ती नव्याने करा. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हने आणून बसवा. येथे एक सावधगिरी बाळगावी. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे शब्द आले, तरी विंडोज त्याला मिळालेले उत्तर मानते आणि शेवटी ‘लॉस’पुढे शून्य टक्के दाखवते, म्हणून शेवटच्या बेरजेवर न जाता प्रत्येक ओळ वाचावी.

गेटवेने उत्तर दिले, तर त्याच पद्धतीने ८.८.८.८ ला हाक द्या. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा पत्ता आहे. ती सेवा डिसेंबर २००९ मध्ये सुरू झाली आणि आकडा लक्षात राहण्याजोगा असल्याने जगभर चाचणीसाठी वापरला जातो. गेटवे उत्तर देतो, ८.८.८.८ देत नाही आणि फोन मात्र त्याच राउटरवर चालतो, असे असेल तर राउटरने नेमका हा संगणक अडवलेला असण्याची शक्यता मोठी. मुलांसाठी वेळेची मर्यादा घालण्याची सोय हल्लीच्या राउटरमध्ये असते आणि त्याच्या अ‍ॅपमध्ये एका स्पर्शाने एखादे यंत्र ‘पॉज’ करता येते. घरातील इतरांना विचारून पाहा. अपराधी सापडला तर रागावू नका.

८.८.८.८ कडूनही उत्तर आले, तर बाहेरची वाट मोकळी आहे. आता ‘एनएसलुकअप’ लिहून, जागा सोडून, एखाद्या संकेतस्थळाचे नाव द्या. उत्तरात आकडी पत्ता मिळाला नाही, तर दोष डीएनएसमध्ये आहे आणि डीएनएसचे आकडे बदलण्याचा तुमचा उपाय या ठिकाणी, आणि याच ठिकाणी, योग्य ठरतो. गूगलच्या वरील आकड्याखेरीज १.१.१.१ ही क्लाउडफ्लेअरची २०१८ पासूनची सेवाही वापरता येते. ‘एनएसलुकअप’ला पत्ता मिळतो, पण ब्राउझरला मिळत नाही, असेही घडते, कारण ही आज्ञा थेट डीएनएस सर्व्हरला विचारते आणि विंडोजने साठवलेल्या जुन्या उत्तरांकडे किंवा ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलकडे पाहत नाही. तेव्हा ‘आयपीकॉन्फिग’पुढे तिरकी रेघ व ‘फ्लशडीएनएस’ असे लिहून साठा रिकामा करा.

आता दुसरी शक्यता, म्हणजे फोनची केबल लावूनही संकेतस्थळे उघडली नाहीत ती. ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधील ‘प्रॉक्सी’ हे पान उघडा. तेथे प्रॉक्सी सर्व्हर चालू असेल आणि तो तुम्ही लावलेला नसेल, तर बंद करा. कार्यालयाच्या कामासाठी लावलेली नोंद घरी तशीच राहून जाते, किंवा एखादा घातक प्रोग्रॅम ती गुपचूप लावतो आणि तो प्रोग्रॅम काढून टाकल्यावरही नोंद मागे उरते. परिणामी ब्राउझर अस्तित्वात नसलेल्या मध्यस्थाच्या दारात उभा राहतो. ‘पिंग’ला मात्र प्रॉक्सीशी काही देणेघेणे नसते, त्यामुळे पिंग चालते आणि पान उघडत नाही अशी स्थिती दिसली की आधी येथे पाहावे. व्हीपीएनच्या प्रोग्रॅममध्ये ‘किल स्विच’ असतो. व्हीपीएनचा दुवा तुटल्यास सर्व वाहतूक रोखायची, असे त्याचे काम, आणि ते तो इमानेइतबारे करतो. मुदत संपलेले व्हीपीएन आणि अर्धवट काढलेले अँटिव्हायरस ही दोन कारणे मी वारंवार पाहिली आहेत. अँटिव्हायरस नेहमीच्या पद्धतीने काढला, तरी त्याचा जाळ्यावर पहारा देणारा भाग मागे राहू शकतो. बहुतेक कंपन्या तो समूळ काढण्यासाठी वेगळे साधन देतात, तेच वापरावे.

एवढे करूनही सुटले नाही, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क रिसेट’ वापरा. त्याने जाळ्याची कार्डे काढून पुन्हा बसवली जातात आणि नोंदी मूळ स्थितीत येतात; तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. वाय-फायचा पासवर्ड मात्र आधी लिहून ठेवा, कारण संगणक तो विसरेल, आणि व्हीपीएन असल्यास ते पुन्हा बसवावे लागेल. विंडोज नव्याने टाकण्याचा विचार यानंतर आणि छायाचित्रांची प्रत दुसरीकडे ठेवल्यानंतरच करावा.

प्रश्न : माझ्या संगणकावर ‘इंटरनेट नाही’ असे येत नाही, उलट सर्व ठीक असल्याचे दिसते, तरीही जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा येतो आणि पुढे जाता येत नाही. संगणक महिनाभर बंद होता.

उत्तर : कोपऱ्यातील तारीख आणि वर्ष पाहा. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र दाखवते, आणि ती मुदत आजच्या तारखेला लागू आहे का हे ब्राउझर संगणकाच्या घड्याळावरून ठरवतो. घड्याळ काही वर्षे मागे गेले असेल, तर ब्राउझरच्या लेखी ही प्रमाणपत्रे अजून सुरूच झालेली नसतात. सप्टेंबर २०२० पासून प्रमुख ब्राउझर ३९८ दिवसांहून अधिक मुदतीची नवी प्रमाणपत्रे मान्य करीत नाहीत, म्हणजे जगातील जवळपास सर्व संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अलीकडचीच असतात. त्यामुळे इशारा एका ठिकाणी न येता सगळीकडे एकदम येतो. तारीख व वेळ हाताने बरोबर करा आणि कालविभागही तपासा. वीज काढल्यावर घड्याळ पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल संपला आहे. टेबलावरच्या बहुतेक संगणकांत तो सीआर२०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो आणि सहज बदलता येतो. घड्याळ बरोबर असूनही इशारे येत राहिले, तर मात्र ते डावलून पुढे जाऊ नका, आणि अशा संगणकावरून बँकेचे काम करू नका. वाटेत कोणीतरी, बहुधा अँटिव्हायरस पण क्वचित एखादा घातक प्रोग्रॅम, स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करीत असू शकतो.

प्रश्न : सर्व संकेतस्थळे उघडतात, मेलही येते-जाते, तरी विंडोज ‘इंटरनेट नाही’ असेच सांगत राहते. ते नेट आहे किंवा नाही हे ठरवते तरी कसे?

उत्तर : ते मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक चिमुकली मजकूर-फाइल मागवते. विंडोज १० व ११ मध्ये त्या फाइलीत ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच इंग्रजी शब्द असतात. ते शब्द जसेच्या तसे मिळाले की नेट आहे, असे विंडोज मानते. जाहिराती रोखणारे साधन, कडक फायरवॉल (ये-जा करणाऱ्या माहितीवर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम) किंवा व्हीपीएन यांनी ही एकच विनंती अडवली, तर बाकी सारे चालू असूनही सूचना कायम राहते. सूचनेचा त्रास एवढाच की, काही प्रोग्रॅम स्वतः न तपासता विंडोजच्या या मतावर विसंबतात आणि चालायला नकार देतात. व्हीपीएन आणि जाहिराती रोखणारे साधन एकेक करून बंद करा. ज्याच्या बंद होण्याबरोबर सूचना नाहीशी होईल, त्याच्या सूट दिलेल्या पत्त्यांच्या यादीत ‘एमएसएफटीकनेक्टटेस्ट डॉट कॉम’ हे नाव घाला.